कप विसळणारे भाऊ

भाऊंच्या पुढ्यात कुणी चहाचा भरलेला कप ठेवला की ते एक रिकामा कप मागून घेत. मग त्यात तांब्यातलं पाणी ओतायचं, अंगठा आत घालून कडेकडेनं फिरवायचा, पाणी बाहेर फेकायचं आणि भरलेल्या कपातला चहा ह्या विसळलेल्या कपात ओतून घ्यायचा. तोवर चहा कोमट झालेला असे. तो ते दोन घोटांत संपवत आणि "झ्याक झालाय" म्हणत. एकदा मी विचारलं, भाऊ, चहा मुळात ज्या कपात होता तो तुम्ही कुठं विसळलात? मग ह्या उपद्व्यापाचा उपयोग काय? ते शांतपणे म्हणाले, "तो कप चहानं विसळला, हा पाण्यानं. दोन्ही झाले."

आळेफाट्याच्या चहावाल्यानं हे कधीच पत्करलं होतं. भाऊ येताना दिसले की तो भरलेल्या कपाबरोबर एक रिकामा कप न सांगताच ठेवी. बाकी ठिकाणी मात्र यजमानांचे चेहरे बघण्यासारखे होत. पुतण्यासाठी मुलगी पाहायला ते राजुरीकडे कुठंतरी गेले होते. मुलीनं चहा आणला, भाऊंनी रिकामा कप मागितला आणि भर बैठकीत तो विसळायला घेतला. मुलीचे चुलते म्हणाले, "पावणं, आमच्यात भांडी धुत्यात." भाऊ म्हणाले, "धुतच असतील की." झालं, चुलत्यांनी आपला कप तसाच खाली ठेवला. लग्न पुढे ठरलं, पण त्यानंतरच्या एकाही बैठकीला भाऊंना नेलं नाही. हे ते स्वतःच हसत हसत सांगायचे.

मी त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा नवं शतक नुकतंच सुरू झालं होतं. आळेफाट्याला मोटार रिवाइंडिंगच्या दुकानावर दोन खोल्या, तीन कॉम्प्युटर, एक कायम रुसलेला प्रिंटर, एवढी आमची कंपनी. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांसाठी आम्ही प्रोग्रॅम लिहीत होतो. शेतकऱ्यानं दूध आणलं की काट्यावर माप व्हायचं, मशीन फॅट आणि डिग्री, म्हणजे पाणी घातलं की उतरणारा दुधाचा दाटपणा, सांगायचं आणि आमचा प्रोग्रॅम पावती काढायचा. मालक पूर्वी वजनकाटे विकत, त्यांना सगळे शेठ म्हणत. भाऊ पुण्यात एका मोठ्या कंपनीत बरीच वर्षं काढून, वडील अंथरुणाला खिळले म्हणून परत आलेले. गाव त्यांचं आंबेगाव तालुक्यात, घोडेगावच्या पुढे भीमाशंकरच्या रस्त्याला. आठवडाभर फाट्यावर खोली करून राहायचे आणि शनिवारी संध्याकाळी गावाला जायचे. माणसाला त्याच्या गावावरून हाक मारायची त्यांची पद्धत. मी जुन्नरची, म्हणून पहिल्या दिवसापासून जुन्नरकर. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, ह्याची मला शेवटपर्यंत शंका राहिली.

विसळण्याचं कारण विचारलं की दर वेळी वेगळं उत्तर मिळे. कधी म्हणायचे, आईची शिस्त. कधी म्हणायचे, वसतिगृहात एकदा कपाच्या तळाशी पाल निघाली होती. एकदा सांगितलं, की कॉलेजात असताना ते गावच्या डेअरीवर फॅट काढायला बसायचे आणि तिथं नियम होता, एकाच्या दुधाचा नमुना झाला की नळी विसळल्याशिवाय दुसऱ्याचा घ्यायचा नाही. नाहीतर पहिल्याचं दूध दुसऱ्याच्या नावावर लागतं. त्यातलं हेच कारण मला खरं वाटे, पण पालीचीही गोष्ट ते इतकी रंगवून सांगत की ती सोडवत नसे.

खरी गंमत अशी, की कामातही त्यांनी हेच खूळ आणलं होतं. आम्ही लिहिलेला प्रत्येक तुकडा नीट चालतो का हे तपासायला आणखी एक छोटा प्रोग्रॅम लिहायचा. त्याला टेस्ट म्हणत. त्या काळी आमच्या भागात ही चैन कुणी करत नव्हतं. प्रोग्रॅम लिहायचा, गावात नेऊन चालवायचा, बिघडला की गाव फोन करतंच, अशी एकूण रीत होती. भाऊंना ती पसंत नव्हती. आता टेस्ट करायची तर खरा काटा, खरं फॅटचं मशीन ऑफिसात कुठून आणणार? म्हणून त्यांच्या जागी खोटी उभी करायची. नकली काटा, नकली मशीन, नकली प्रिंटर. नकली काट्याला सांगायचं, तू पाच लिटर म्हण. तो पाच लिटर म्हणणार. पुण्यात ह्याला मॉक म्हणतात, आम्ही नकलीच म्हणत होतो.

आणि भाऊंचा नियम एकच. प्रत्येक टेस्टनं आपली नकली यंत्रं नव्यानं उभी करायची, काम झालं की मोडायची. मागच्या टेस्टनं वापरलेली घ्यायची नाहीत. मला हे रिकामपणचे उद्योग वाटत. एकच नकली मशीन सगळ्यांनी वापरलं तर कुणाचं काय बिघडतं? पुन्हा पुन्हा तेच लिहायचं, आणि आमचे कॉम्प्युटर तर बैलगाडीच्या चालीचे. पण मग एक दिवस माझी एक टेस्ट रुसून बसली. एकटी चालवली की पास व्हायची, सगळ्यांबरोबर चालवली की नापास. सकाळपासून दुपारपर्यंत मी डोकं फोडून घेतलं. भाऊ मागून जाता जाता म्हणाले, "जुन्नरकर, तुमच्या आधी त्या ताटात कोण जेवून गेलं ते बघा." बघितलं. माझ्या शेजारच्या पोऱ्यानं लिहिलेली टेस्ट नकली काट्यावर दहा लिटर तसेच सोडून गेली होती आणि माझ्या टेस्टला ते मिळत होते.

ह्याच्या उलट प्रकार त्यांना जास्त वाईट वाटे. सगळ्यांबरोबर पास आणि एकटी नापास. तशी टेस्ट दिसली की ते नाक मुरडून म्हणत, "ही दुसऱ्याच्या उष्ट्यावर जगतीय." पडद्यावर सगळं हिरवं, म्हणजे पास, दिसत असलं तरी अशी टेस्ट ते ठेवून घेत नसत. लाल रंगाची त्यांना भीती नव्हती. "लाल ओरडतंय तरी. हिरवं गप बसून घात करतं," असं ते म्हणत, आणि आम्ही ते ऐकून माना डोलवून पुन्हा आपलंच खरं करत असू.

प्रोग्रॅमचा अगदी पहिला, जुना भाग भाऊंनी एकट्यानं लिहिलेला होता. डिग्री बरोबर आहे की नाही हे ठरवणारा. तो आम्ही कधी उघडत नव्हतो. भाऊंचा आहे म्हणजे चोखच असणार, असं सगळ्यांनी धरलं होतं, आणि बहुधा भाऊंनीही.

तो उन्हाळा मला आठवतो तो सुभद्राबाईंमुळे. वीज गेलेली, पंखा बंद, शेठ वर्तमानपत्रानं वारा घेत बसलेले, आणि जिना चढून एक पन्नाशीच्या बाई वर आल्या. नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर आणि हातात दुधाची किटली. आळ्याच्या पुढच्या एका गावातून जीपमध्ये बसून त्या आल्या होत्या. त्यांच्या सासरी पूर्वी मेंढरं होती, आता दोन जर्सी गाई होत्या. नवरा जाऊन काही वर्षं झाली होती, मुलगा नव्हता, आणि त्या दोन गाईंवर त्यांचं सगळं चाललं होतं. त्यांनी किटली शेठच्या टेबलावर ठेवली आणि झाकण काढलं.

"सायेब, ह्या दुधात पानी कुठं हाय तेवढं दावा."

झालं होतं असं. गावच्या दूध संस्थेत आमचा नवा प्रोग्रॅम बसवला होता आणि त्यानंतर ह्यांच्या पावतीवर रोज 'डिग्री कमी, भेसळीचा संशय' असं येऊ लागलं. काही दिवस सचिवांनी समजावलं, मग संस्थेच्या नियमाप्रमाणे दूध बंद केलं. तेही एक वेळ त्यांनी सोसलं असतं. पण संस्थेच्या दाराशी एक काळा फळा होता, त्यावर पाणी घालणाऱ्याचं नाव खडूनं लिहायची रीत होती. तिथं त्यांचं नाव लिहिलं गेलं. गावातला प्रत्येक माणूस सकाळ-संध्याकाळ त्या फळ्यापुढून जाई.

"दूध घालू नगा म्हनलं आस्तं तर गप बसले आस्ते," त्या म्हणाल्या. "पर नाव लिव्हलं. शेजारच्या बाया आता माझ्या घरचा च्या घेईनात. म्हन्त्यात, तिच्या च्यात काय आसंल, पानीच." त्या रडत नव्हत्या. रडल्या असत्या तर आम्हांला सोपं गेलं असतं.

शेठ वाईट माणूस नव्हते. त्यांनी बाईंना खुर्ची दिली, माठातलं पाणी दिलं आणि समजुतीच्या सुरात सांगितलं, "मावशी, मशीन खोटं बोलत नाही. आमचं सगळं तपासलेलं आहे. गाईच्या खुराकाचं बघा काहीतरी." सगळं तपासलेलं आहे हे खरंच होतं. सकाळीच आम्ही सगळ्या टेस्ट चालवल्या होत्या आणि पडदा वरपासून खालपर्यंत हिरवा होता.

भाऊ कोपऱ्यात बसून ऐकत होते. त्यांनी किटलीत वाकून पाहिलं नाही की गाईंचं काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "आक्का, लाइनीत तुमच्या आधी कोण असतं?"

मला वाटलं, उन्हानं ह्यांचं डोकं फिरलं. बाईंनाही तसंच वाटलं असावं. "आमच्या शेजारचं किसनतात्या," त्या म्हणाल्या. "आमचं मालक गेल्यापून तेच माझी किटली नेत्यात. सायकलीला येका अंगाला त्यांची किटली, येका अंगाला माझी. मी मागनं चालत जाती. म्हून आमचा नंबर लागोपाठच."

"रोज?"

"रोज. दोनी टाइम."

"त्यांचं दूध गाईचं का म्हशीचं?"

"म्हशीचं. गावात तेवढी येकच म्हस ऱ्हायली. आत्ता शिमग्याच्या सुमाराला व्याली."

भाऊंचा चेहरा असा उतरलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. वीज येईपर्यंत ते खिडकीशी उभे राहिले. वीज आल्यावर त्यांनी तो जुना भाग काढला आणि त्याच्या टेस्ट उलट्या क्रमानं चालवल्या, शेवटची आधी आणि पहिली शेवटी. एवढंच केलं. गाईच्या दुधाची साधी टेस्ट, जी रोज सगळ्यांत आधी चालायची आणि कधीच नापास झाली नव्हती, ती लाल झाली.

आता सांगायला सोपं आहे. गाईच्या दुधाला डिग्री कमी असली तरी चालते, म्हशीच्या दुधाला जास्त लागते. म्हशीचं दूध आलं की केंद्रावरचा माणूस एक बटण दाबायचा आणि प्रोग्रॅम म्हशीचा नियम लावायचा. ते झालं की त्यानं आपण होऊन परत गाईच्या नियमावर यायला हवं होतं. तो येत नव्हता. त्यामुळे म्हशीच्या मागोमाग जो गाईचं दूध आणेल त्याला म्हशीची डिग्री लागायची आणि त्याचं चांगलं दूध पाणी घातल्यासारखं दिसायचं. मग सगळं गाव कसं सुटलं? तर कुणाचं दूध संशयित ठरलं की प्रोग्रॅम सगळं पुसून नव्यानं सुरुवात करायचा. म्हणजे सुभद्राबाईंवर आळ आला की त्यांच्या मागचे सगळे सुखरूप. त्यांचं दूध बंद झाल्यावर किसनतात्या सगळ्यांत शेवटी येऊ लागले होते, म्हणून दुसरं कुणी सापडलं नाही. बाकीच्या गावांत म्हशीचं दूध वेगळ्या खिडकीवर किंवा सगळ्यांत शेवटी घेत, म्हणून तिथं हे कधी उगवलंच नाही. एक म्हैस असलेलं गाव आणि शेजारणीची किटली वाहणारा भला माणूस, एवढं जमून आलं तेव्हा ते दिसलं.

आणि टेस्टना ते का दिसलं नाही? कारण त्या भागात भाऊंनी सगळ्या टेस्टना मिळून एकच नकली मशीन दिलं होतं आणि नियमही एकाच सामाईक जागी ठेवला होता. आधी गाईची टेस्ट, मग म्हशीची, मग लगेच संशयिताची, आणि ती सगळं पुसून टाकायची. पुढच्यांना जागा स्वच्छ मिळायची आणि सगळं हिरवं. गावात सुभद्राबाई जे करत होत्या तेच आमच्या टेस्टमध्ये ती संशयिताची टेस्ट करत होती. दुसऱ्यांची घाण पोटात घेत होती.

"सुरुवातीला मशीन लई स्लो होतं," भाऊ एवढंच म्हणाले. "म्हटलं, एवढ्यापुरतं एकच ठेवू. मग राहूनच गेलं." ज्या माणसानं सगळ्या तालुक्याचे कप विसळून यजमान दुखावले, त्यानं नेमका हा एक कप विसळला नव्हता.

शेठना सगळं सांगितलं. ते व्यवहारी होते. म्हणाले, दुरुस्त करा, उद्या नवी सीडी पाठवू, वार्षिक सुधारणा म्हणून सांगू. बाईंचं दूध आपोआप चालू होईल. गवगवा कशाला? चूक आमची म्हणालो तर बाकीच्या संस्था उद्या दारात उभ्या राहतील. त्यांचंही काही अगदीच चुकत होतं असं नाही. आमचे सगळ्यांचे पगार त्या संस्थांवर होते.

भाऊ म्हणाले, "शेठ, नाव फळ्यावर लिहिलंय. ते सीडीनं पुसत नाय."

"फळा त्यांचा आहे, आपला नाही."

"पण अक्षर आपलं आहे," भाऊ म्हणाले, आणि विषय तिथं संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सीडी घेऊन मी आणि भाऊ त्या गावात उतरलो. मला वाटलं, तडक संस्थेत जाणार. पण भाऊ म्हणाले, आधी आक्कांकडे. घर गल्लीच्या मधोमध. समोरच्या घराच्या ओट्यावर दोन बायका तांदूळ निवडत होत्या, पलीकडे किसनतात्या म्हशीला पाणी दाखवत होते. आम्ही आत न जाता बाहेरच सतरंजीवर बसलो, कारण भाऊंनीच तसं सांगितलं. सुभद्राबाईंनी चूल पेटवली. चहा झाला. त्यांनी दोन कप भरून आमच्यापुढे ठेवले आणि शेजारी पाण्याचा भरलेला तांब्या.

तांदूळ निवडणाऱ्या बायकांचे हात थांबलेले होते. महिनाभर त्या घरचा चहा कुणी घेतला नव्हता. मी त्या तांब्याकडे बघत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, भाऊ, आज नको. आज तेवढं नको. आजवर हा माणूस कुणाच्या घरी चुकला नव्हता, सोयरिकीत चुकला नव्हता, मग इथं कसा चुकेल?

भाऊंनी तांब्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी समोरचा भरलेला कप उचलला आणि तसाच तोंडाला लावला. गरम होता, डोळ्यांत पाणी आलं असणार, पण थांबले नाहीत. सगळा संपवला, कप खाली ठेवला आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आक्का, दूध घट्ट आहे. अजून अर्धा द्या."

मी त्यांच्याबरोबर त्याआधी आणि नंतरही बऱ्याच वेळा चहा प्याले. त्यांनी न विसळता घेतलेला तो एकच कप मी पाहिला.

मग आक्कांना बरोबर घेऊन आम्ही संस्थेत गेलो. दूध घालायची वेळ होती, लाइन लागलेली होती. भाऊंनी सचिवांना बाजूला घेऊन सांगितलं नाही. ते लाइनीपुढे उभे राहिले. चारचौघांत बोलायची त्यांना सवय नव्हती. म्हणाले, "मंडळी, हा प्रोग्रॅम मी लिहिला. त्यात चूक होती. म्हशीमागं गाईचं दूध आलं की ते खोटं ठरवायचा. सुभद्राआक्कांनी पाणी घातलं नव्हतं. चूक माझी होती." कुणीतरी मागून विचारलं, "मंग आमचं बी चुकलं आसंल का?" भाऊंनी उडवून लावलं नाही. सगळं पुन्हा समजावलं, तुमच्या आधी कोण होतं ते बघा म्हणाले, आणि दुपारपर्यंत ज्याला शंका असेल त्याचं जुनं सगळं तपासून देत बसले.

सचिवांनी फळ्यावरचं नाव कोरड्या फडक्यानं पुसलं. अक्षरं पुसट दिसत राहिली. भाऊंनी फडकं मागून घेतलं, दुधाच्या हौदाजवळच्या नळाखाली ओलं केलं आणि फळा पुन्हा पुसला, मग फडकं धुऊन आणखी एकदा पुसला. किसनतात्या सायकल धरून उभे होते. ते इतकंच म्हणाले, "म्हंजी माझ्या म्हशीपायी झालं व्हय." सुभद्राबाई म्हणाल्या, "तुमच्या म्हशीपायी कशानं? उद्या जाताना किटली न्या बरं का." आणि किटली पुन्हा सायकलच्या दुसऱ्या अंगाला लागली.

फाट्यावर परतल्यावर भाऊंनी त्या जुन्या भागाच्या सगळ्या टेस्ट नव्यानं लिहिल्या. प्रत्येकीला तिचं स्वतःचं नकली मशीन, तिचे स्वतःचे नियम, काम झालं की मोड. मी विचारलं, पण भाऊ, सगळ्या अशा वेगळ्या केल्या तर म्हशीमागून गाय येते हे कुठल्याच टेस्टला कळणार नाही. हा प्रश्न त्यांना आवडला. माझ्याकडे बघून असं काही हसले की पगारवाढ झाल्यासारखं वाटलं. म्हणाले, "बरोबर. म्हणून ते मुद्दाम लिहायचं. चुकून लागलेलं काढून टाकायचं. लावायचंच असेल तर नाव घालून लावायचं." आणि शेवटी त्यांनी आणखी एक टेस्ट लिहिली. आधी म्हशीचं दूध, लगेच गाईचं, आणि गाईचं दूध पास झालं पाहिजे. इंग्रजी अक्षरांत त्यांनी तिला नाव दिलं, 'किसनतात्यांच्या मागे सुभद्राआक्का'.

त्यानंतर खरंच काही संस्थांनी विचारणा केली. शेठ चिडले, बोलू नये ते बोलले. भाऊंनी काम हातावेगळं केलं, मला सगळं समजावून दिलं आणि एका शनिवारी नेहमीसारखे गावाला गेले ते सोमवारी आले नाहीत. राजीनामा टेबलावर होता. शेठनी त्यांना थांबवलं नाही, ह्याचा मला अजून राग आहे. संस्था एकही तुटली नाही. उलट त्या गावाच्या सचिवांनी शेजारच्या दोन गावांना आमचाच प्रोग्रॅम घ्यायला सांगितलं. भाऊ तोवर घोडेगावात एका गाळ्यात पोरांना कॉम्प्युटर शिकवत होते आणि पावसाळ्यात भातलावणी करत होते.

मी पुढे पुण्याला मोठ्या कंपनीत लागले. तिथं सगळं इंग्रजीतून, सगळं चकचकीत, पण ताटं मात्र तशीच उष्टी. नवीन पोरं टेस्ट घेऊन येतात आणि म्हणतात, मॅडम, एकटी चालवली तर पास होते. मी विचारते, तुझ्या आधी कोण होतं? त्यांना वाटतं ही माझीच युक्ती आहे. मी भीमाशंकरला जाता येता भाऊंकडे थांबत असे. ते विचारायचे, "जुन्नरकर, ती टेस्ट आहे का अजून?" आळेफाट्याची कंपनी सोडून मला वर्षं झाली होती, पण मी आहे म्हणायचे. ती होती हे मला तिथल्या पोरांकडून कळत होतं.

भाऊ गेले ते अचानक, पन्नाशीही पुरती ओलांडली नव्हती. निरोप मिळाला तेव्हा मी पुण्यात होते, पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. अंगणात माणसं बसली होती. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, चहापाणी शेजारी बघतात. शेजारच्या घराच्या पडवीत एक बाई चुलीपुढे बसून मोठ्या पातेल्यात चहा ढवळत होत्या. पाठमोऱ्या होत्या, पण बाजूला ठेवलेली किटली मी ओळखली. सुभद्राबाई पहाटेच्या एसटीनं आळ्याहून दोन गाड्या बदलून आल्या होत्या, सकाळच्या धारेचं सगळं दूध घेऊन. शेजारणीला त्यांनी सांगितलं होतं, "हितं येनाऱ्या मान्सांना आज माझ्याच दुधाचा च्या द्या."

भाऊंची मुलगी कप वाटत होती. माझ्यापुढे तिनं भरलेला कप ठेवला, आणि घरची सवय म्हणून न विचारताच शेजारी रिकामा कप आणि तांब्या. इतक्या वर्षांत ती खोड मलाही लागलेली आहे. माझा हात तांब्याकडे गेला.

सुभद्राबाई चुलीपासून माझ्याकडे बघत होत्या. मी हात मागे घेतला आणि भरलेला कप तसाच तोंडाला लावला. दूध घट्ट होतं.